चंद्रावरची निळी झिलई

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वसाहतीत एकशेबारा माणसे राहत आणि त्यांतली एकशेअकरा शेवंता दरेकरने भट्टीत भाजलेल्या कपाला ओठ लावत नसत. चहा वरूनच तोंडात ओतत. तिथल्या कमी गुरुत्वामुळे तो रमतगमत खाली येई आणि बहुधा नाकावर पडे.

हाडांचे डॉक्टर मुजावर भट्टी बंद करण्याचा ठराव घेऊन आले, तेव्हा त्यांच्याही कॉलरवर चहाचा डाग होता.

“ताई, कपांवरच्या या काचेरी झिलईत काय घालता, एकदा स्वतःच सांगा.”

“चांद्रधूळ आणि राख. इथे लाकूड कुठलं? जळतं ते एकच. संडासातलं सगळं, वाळवून, मलदाहकात.”

डॉक्टरांनी रुमाल तोंडाला लावला.

“बाराशे अंशांत जंतूंचे पूर्वजही उरत नाहीत हो!” शेवंताने घोट घेऊन आपला कप उजेडात धरला. “यात निळा कणसुद्धा घातलेला नाही. राखेतल्या फॉस्फरसमुळे वितळलेली काच दुधासारखी फाटते. बारीक थेंब होतात, उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि निळा दिसतो. पृथ्वीवरचं आभाळ असंच, रंगाशिवाय निळं. इथे वर पाहिलं की काळं. भट्टी बंद केलीत तर मी बघू काय?”

डॉक्टर फळीकडे पाहत होते. “हे तपकिरी कप?”

“दोन वर्षांपूर्वीचे. हात बसला नव्हता तेव्हा. आता दर महिन्याला निळाई चढतेय.”

“कृती बदललीत?”

“चिमूटभरही नाही.”

डॉक्टर स्टुलावर बसले. “सगळ्यांचं जेवण एकाच स्वयंपाकघरातलं, पूर्वीइतकंच. मग राखेत जादा फॉस्फरस आला कुठून? हाडांतून, ताई. इथे वजन सहावा हिस्सा. हाडं झिजतात आणि झीज लघवीतून जाते. आमच्या यंत्राला हे कळायला वर्षं लागतात. तुमचा हात नाही बसला. आपण विरघळतोय.”

शेवंताने तोंडातला घोट परत कपात थुंकला.

ठराव बारगळला. उलट, प्रत्येकाचे मलमूत्र वेगळे जाळून त्या राखेची झिलई दिलेली एकेक टिकली भाजायची, असा हुकूम निघाला. जी निळी निघेल तिच्या मालकाने पुढच्या यानाने पृथ्वीवर जायचे. छटा ओळखणारी नजर शेवंताचीच, म्हणून भट्टी कायमची तिची. एकशेबारा डबे. हातमोजे घालूनही ती दिवसातून दहादा हात धुई, आणि देवाकडे मळकट, शेणासारखा तपकिरी रंग मागे.

पहिली भट्टी उघडली. तपकिरी, तपकिरी, एखादी राखाडी. तिला हायसे वाटले. मग मागच्या कोपऱ्यात एक टिकली दिसली. असा निळा तिला जन्मात साधला नव्हता.

“अहाहा!” तोंडातून निघूनच गेले. टिकली उलटून तिने क्रमांक वाचला, यादी पाहिली, फोन उचलला.

“डॉक्टर, बसलात ना? बसूनच ऐका. व्यायाम लोकांना सांगता, स्वतः कधी करता?”

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग मुजावरांनी विचारले, “कितपत निळी आहे?”

“फार सुंदर आहे हो,” शेवंता म्हणाली आणि फोन तसाच टाकून ओकायला मोरीकडे धावली.