वरची मूठ

मानवजातीला श्रमातून कायमचं सोडवणारं यंत्र अखेर कुडाळ तालुक्यात येऊन पोहोचलं. सोडवत मात्र निम्मंच होतं. शहरातल्या लोकांना फर्निचर 'हातचिरीव' लाकडाचं हवं असे, आणि करवतीच्या एका टोकाला तरी माणूस असल्याशिवाय लाकूड हातचिरीव ठरत नसे.

तो माणूस म्हणजे भिकाजी मेस्त्री. उंच चौकटीवर आडवा ओंडका, वर यंत्राचे दोन पोलादी हात, खाली भिकाजी आणि मधे माणसाएवढी उभी करवत. तिचा प्रत्येक दात म्हणजे एक बारकी पाचरच. खालच्याने ओढलं की दात लाकूड कापतात, मग वरच्याने करवत उचलून घ्यायची. वर पूर्वी गुणाजी परब असे. एकतीस वर्षं. त्यातली शेवटची अकरा दोघांचा अबोला होता. एक ओंडका ऐनाचा की किंजळाचा, या प्रश्नावरून. ओंडका केव्हाच चिरून विकला गेला, अबोला राहिला. करवत रोज चालायची. शेवटच्या सहा महिन्यांत करवतीच्या दोन्ही मुठींना मापक लावून यंत्र गुणाजीची पद्धत शिकलं, आणि मग गुणाजी वारला.

यंत्राला एक खोड होती. ते मधेच थांबायचं. म्हणून कंपनीने केतकी नाईक ही इंजिनीअर पाठवली. तिने भिकाजींना करवत ओढायला सांगितलं. पाचेक मिनिटांत भुसा घशात जाऊन ते खोकले. यंत्र थांबलं. जरा वेळाने पुन्हा सुरू झालं.

"गुणाजीचीच खोड ती," भिकाजी म्हणाले. "तो वर तंबाखू मळत रवायचो. माझ्या डोळ्यांत भुसो, आणि ह्याची तंबाखू!"

केतकी पडद्यावर गुणाजीच्या त्या सहा महिन्यांचा आलेख बघत होती. "तंबाखू नाही, काका. दोन्ही हात मुठीवर आहेत. नव्वद न्यूटन बल, म्हणजे अख्ख्या करवतीचं वजन त्यांनी एकट्याने धरलंय. आणि दर वेळी त्याच्या आधी खालच्या मुठीला हादरा बसलाय."

"कसलो हादरो?"

"आत्ता बसला तसलाच. तुम्ही खोकलात."

भिकाजी वर बघत राहिले. वर पोलादी हात होते.

"ही खोड काढू नको," ते म्हणाले.

"एकाच कारणाने ठेवता येते. थांबलेल्या वेळात यंत्राने कार्य केलेलं हवं. किती ज्यूल, ते फॉर्मात लिहावं लागतं."

"मग लिव."

"कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. वस्तू किती हलली, ते बघायचं. करवत हललीच नाही."

"नऊ किलो धरून उभो रवलो माणूस. तां काम नाय?"

"दमायला होतं, काका. कार्य होत नाही."

"ज्येनी ह्या ठरवला, तेनी हातात करवत धरलेली काय कधी?"

केतकीला हसू आलं आणि गेलं. तिने आकडे पुन्हा दोनदा तपासले. "एक मिलिमीटर जरी हलली असती, तरी मी लिहिलं असतं."

"हलायचो नाय तो," भिकाजी म्हणाले. "अकरा वर्षां हललो नाय."

खोड काढली गेली. फळी तीच, कार्य तेवढंच, वेळ कमी. म्हणजे शक्ती वाढली, चार टक्क्यांनी. कंपनीने अभिनंदनाचा संदेश पाठवला. भिकाजी आता ओढता ओढताच खोकत.

आठवड्याभराने त्यांनी यंत्र खाली बसवून घेतलं आणि गुडघे सांभाळत स्वतः वर चढले. दोन दिवसांत केतकीचा फोन आला.

"काका, वरची मूठ मधेच थांबते असं दिसतंय. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आसा."

"मग थांबता कशाला?"

"खालचो खोकलो तर?"



यंत्राला खोकला येत नाही. थांबलेल्या वेळातलं वरच्या मुठीचं कार्य मीटरवर दिसतं. शून्य.