डावीकडची खोली

वाचनालयाच्या जिन्यात, मधल्या वळणावर, ती आणि तो समोरासमोर अडकले. ती डावीकडे सरकली, तोही त्याच बाजूला. ती उजवीकडे, तोही तिकडेच. शेवटी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"तुम्ही जा. मी हलत नाही."

"तुम्ही वर निघालात की खाली?"

"तेच ठरत नाहीये," तो म्हणाला.

तिला हसू आलं. तिचंही तेच चाललं होतं.

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. दुपार कलली की तिची बोटं थरथरू लागत. मग मागच्या खोलीत जाऊन पर्समधल्या बाटलीतले दोन घोट आणि वर पुदिन्याची गोळी. ताईच्या घरी राहायची ती. एकदा भाचीला शाळेतून आणताना ती रस्त्यातच तोल जाऊन पडली आणि पोरगी रडत एकटी घरी आली. ताई ओरडली नाही. चार ठिकाणी चौकशी करून तिने एवढंच सांगितलं, की वाचनालयाच्या वर डावीकडच्या खोलीत दर सोमवारी दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट बसतो. तिथे जायला लाग, मग भाचीला पुन्हा तुझ्यावर सोपवायचं बघू.

वरच्या मजल्यावर दोन दारं होती. ती दोन्हींच्या मध्ये घुटमळत असताना तो मागून आलाच. कुठे जायचंय, असं त्याने विचारलं. इतक्या नीटनेटक्या, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसासमोर 'डावीकडे' हा शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेना.

"उजवीकडे..."

"मीपण," तो जरा घाईनेच म्हणाला.

उजवीकडे विणकामाचा वर्ग होता.

शिकवणाऱ्या काकूंनी दोघांना शेजारी बसवून हातात सुया दिल्या. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. हात दणकट, पण सुईवर टाका धरेना. तिचेही टाके गळायचे. थंडी फार आहे, असं दोघंही म्हणत आणि खिडकी बंद करायला एकदमच उठत.

सोमवारमागून सोमवार गेले. तो काय विणतोय, असं तिने एकदा विचारलं. पायमोजा, तो म्हणाला. हा हत्तीला होईल, असं तिने सुनावलं, तर म्हणाला, की हत्तीला सवड आहे, तो थांबेल. तुम्ही मात्र पुढच्या सोमवारी नक्की या. त्याने असं काही म्हटलं, की घरी जाताना तिची पावलं उगाच भरभर पडत... आणि दारापाशी येऊन जड होत. असा सरळमार्गी माणूस. त्याला कळलं तर?

घरी ती ताईला गटाच्या गोष्टी रचून सांगायची. पर्समधली लोकर दिसली तेव्हा, हाताला चाळा हवा म्हणून देतात, असं ठोकून दिलं. ताईला ते पटलं. इतकं पटलं, की एका रविवारी ती म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ दे, परवापासून भाचीला आणायला तूच जा.

त्या रात्री तिला झोप नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनाऐवजी किती घोट गेले, ते तिने मोजलं नाही.

संध्याकाळी वर्गात तिचं कशातच लक्ष नव्हतं. तो हळूच म्हणाला, की सुईचं टोक हल्ली दोन-दोन दिसतं, बघा ना नंबर लागलाय का. तिने सुई त्याच्या नाकासमोर धरली.

"मान हलवायची नाही. फक्त टोकाकडे बघा."

"आणि टोक सोडून दुसरीकडे बघावंसं वाटलं तर?"

"तर नापास."

ती सुई हळूहळू बाजूला नेऊ लागली. त्याची नजर मागोमाग आली... आणि अगदी कडेला जाऊन दचकू लागली. बारीक बारीक झटके. तिचा हात तिथेच थांबला. आता कुठे त्याच्या श्वासातला पुदिनाही तिच्या ध्यानात आला.

"काय झालं? नापास?"

"डोळा कडेला ठरत नाहीये," ती पुटपुटली. "दारू घेतली की असं होतं."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने तिच्या हातातली सुई काढून घेतली. "आता तुम्ही बघा इकडे."

"नको."

"का?"

"माझेही ठरणार नाहीत."

त्याने तिच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "म्हणजे तुम्हालाही त्या दिवशी..."

"डावीकडेच जायचं होतं."

काकूंची परवानगी न घेताच दोघं उठले.

डावीकडच्या खोलीत कुणी काही विचारलं नाही. खुर्च्या सरकवून जागा केली. तिने पहिल्यांदा तोंड उघडलं ते भाचीबद्दल. गटातल्या एका आजोबांनी दोघांनाही बजावलं, की एकदम बंद करणं अंगाशी येतं, सकाळी आधी डॉक्टर गाठा.

खाली उतरताना तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आज नको. आज दोघांनीही घेतलीय. शुद्धीत सांगा."

घरी जाऊन तिने ताईला सगळं सांगितलं. भाचीला मी आणणार नाही, अजून नाही, हेही. ताईने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, पण सकाळी चप्पल घालून दारात तयार उभी होती.

आजोबांनी सुचवलेल्या दवाखान्यात बाकावर तो आधीच बसला होता. डोळे लाल, दाढी न केलेली, हात मांडीखाली दाबलेले. ताई दोघांच्या मधोमध बसली. तो पुढे वाकून, ताईला वळसा घालून म्हणाला, "रात्रभर झोपलो नाही, पण घेतली नाही. सांगू?"

"ताईसमोर?"

"सांगा की," ताई म्हणाली. "इतके सोमवार मी खोटंच ऐकलंय. एक तरी खरं ऐकू दे."

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. मांडीखालचे हात त्याने बाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले.

तिला पळून जावंसं वाटत होतं आणि इथून हलूही नये, असंही. डॉक्टरांच्या खोलीतून तिला हाक आली. ती उठली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "उद्या परत सांगा."

"आणि परवा?"

"परवाही. असेच... शुद्धीत."