अंधाऱ्या खोलीतली बॅटरी

नांदुऱ्याच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अंधार माझ्या ताब्यात असतो, आणि त्याचा मला जरा गर्वच आहे. दाराच्या फटीला काळा कागद, यंत्रांच्या बारीक दिव्यांवर चिकटपट्टी. काचबिंदूच्या एका प्रकारात अंधार झाला की बाहुली मोठी होते आणि डोळ्यातलं पाणी जिथून निघून जातं तो कोन मिटतो. उजेडात तोच कोन उघडा दिसतो आणि भलेभले फसतात. त्याचं खरं चित्र कोणतं यंत्र काढतं, हे आम्ही ताडून पाहत होतो. एक न दिसणाऱ्या किरणांचं, खुर्चीवर बसवून. दुसरं ध्वनिलहरींचं, आडवं निजवून, डोळ्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून.

संग्रामपूरच्या कोकिळाबाईंचा डावा डोळा याच रोगाने गेला होता. उजव्याचा कोन मिटताना दिसला, तरच आमचे डॉक्टर आल्हाद सर लेझर करणार होते.

खुर्चीवर, अंधारात, त्यांची बाहुली मोहरीएवढी झाली. कोन उघडा. पलंगावर, त्याच अंधारात, बाहुली मोठी आणि कोन बंद. मी दोन्ही चित्रं पुन्हा काढली. तेच.

"किरणांचं चित्र स्वच्छ आहे, तेच धरू," सर म्हणाले. "लेझर नको."

मला पटेना. बाहुली उगाच बारीक होत नाही. मी कागद तपासला, पट्ट्या तपासल्या, आणि कोकिळाबाईंना परत खुर्चीवर बसवलं.

"काकू, कुठे उजेड दिसतो का?"

"हाव. बॅटरी हाय न. पलंगावर वाटीनं डोळा झाकला होता, तवा नाही दिसली."

"कोणाची?"

"आमच्या ह्यायची. मले अंधाराचं भेव वाटते म्हनून धरतात. रातीले वावरात पऱ्हाटीले पानी द्याले जात होतो, तवापासूनची सवय."

केसपेपरवर मीच लिहिलं होतं: पती वारले, चार वर्षं.

"मांगच्या साली डाव्या डोळ्याच्या तपासनीलेबी हेच आलते," त्या म्हणाल्या. "तवा तिथले डाक्टर म्हने, काही नाही, जा घरी."

म्हणजे तेव्हाही कोन उघडाच दिसला असणार. खरं सांगते, बॅटरी धरणाऱ्या त्या माणसाचा रागच आला.

"त्यांना बंद करायला सांगा."

चेहरा न हलवता त्या डावीकडे बोलल्या.

"अहो, राहू द्या आता. मले नाही वाटत भेव."

खुर्चीच्या डाव्या बाजूला टक असा आवाज झाला.

पडद्यावर बाहुली पसरत गेली. कोन मिटला.

लेझर झालं, डोळा वाचला. दोन्ही यंत्रांचं उत्तर जुळलं, म्हणून उसनं आणलेलं ध्वनीचं यंत्र परत गेलं.

महिन्याने कोकिळाबाई दाखवायला आल्या. बाहुली अंधारात व्हावी तशी मोठी झाली.

"आता येत नाहीत ना ते?"

"नाही जी. त्या दिवशी मी एकलीच घरी गेली. इथंच राह्यले वाटते."

त्यांच्यानंतर तुळशीराम नावाचे म्हातारे होते. लेझर करायचं की नाही, हे आजच ठरणार होतं. मी दार लावलं.

"लय अंधार हाय बाई," ते कापऱ्या आवाजात म्हणाले.

पडद्यावर त्यांची बाहुली बारीक होत गेली. कोन उघडा.

"बंद करा," मी खुर्चीच्या डावीकडे बघत म्हणाले.

टक असा आवाज झाला नाही.