सवतीची शिवण

जरा दिव्याजवळ सरक, केसर. दुपार असली तरी या वखारीत उजेड शिरत नाही, आणि लाख वितळवायला दिवा लागतोच. मीसुद्धा इथंच बसायची, याच गोणपाटावर. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडावाची होडी पार्सलं घेऊन धक्क्याला लागायची आणि हमाल ती धपाधप आत फेकायचे. मुंबईच्या माणसाला वाटतं, आपलं गाठोडं कुणी तळहातावर आणलं! निम्मी पार्सलं खाऱ्या पाण्यानं भिजलेली असायची. ती उसवायची, आतला माल वाळवायचा, कापड पुन्हा दाभणानं शिवायचं आणि शिवणीवर लाख ओतून शिक्का मारायचा. हे काम आधी कमळीचं होतं, मग माझं झालं.

कमळी माझी सवत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती मरून वर्ष झालं होतं, पण घरातून काही गेली नव्हती. माझ्या गळ्यातच होती. चांदीचा टाक, त्यावर उठवलेली एक बाई. बिजवराला दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपली रीत तुला का ठाऊक नाही? माझ्या नवऱ्यानं, धर्मानं, म्हसळ्याच्या बाजारातून बांगड्या आणल्या, की आधी त्या टाकाला लावायच्या आणि मग माझ्या हातात भरायच्या. नवं लुगडंसुद्धा आधी तिला. नवरा माझा, आणि मी कायम दुसऱ्या पंगतीला! माझा जीव जळायचा, सरळ सांगते.

वखारीत तर विचारूच नको. कमळी डावखुरी होती, तिची शिवण डावीकडे झुकायची. माझी उजवीकडे. कारकून बाळाजीपंत मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कमळीचं पार्सल समुद्रात पडलं तरी उसवलं नसतं." धर्मा तिथंच हमाल होता. पार्सल खांद्यावर घेण्याआधी माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. जिवंत सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. मेलेलीशी भांडायचं तरी कसं?

मिठाची चळवळ झाली त्या उन्हाळ्यात दिवेआगरच्या एका वाडीतली सुपारी मुंबईला जायची होती. कापड फाटलं म्हणून माझ्यापुढं आली. वखारीत कुणी नव्हतं. मी गळ्यातला टाक काढला, सुपारीत खोल खुपसला आणि वरून घट्ट शिवून टाकलं. जा म्हटलं, मुंबई बघ! लाख ओतताना घाईत माझा अंगठा तिच्यात रुतला. चटका बसला, ठसा उमटला. पण धर्मा ते पार्सल उचलून पडावाकडे गेला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की मी एकटीच हसले.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं पार्सल परत आलं. घेणारा पत्त्यावर नव्हता.

धर्मा ते खांद्यावरून उतरवत होता. सवयीनं त्यानं शिवणीवरून अंगठा फिरवला आणि थांबला. मग पुन्हा फिरवला, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुळशे... ही तुझी शिवण न्हाय."

"माझीच हाय. लाखेवर माझा अंगठा हाय, बघा."

त्यानं दिवा जवळ आणला. लाख कुठं तडकलेली नव्हती. माझा ठसा जसाच्या तसा होता.

"अंगठा तुझा हाय..." तो पुटपुटला. "पर हात तिचा हाय."

लाखेखालून निघालेला प्रत्येक दोरा डावीकडे झुकला होता. बाहेर वारा पडला होता आणि ओल्या कापडाचा वास एकाएकी दाटला. धर्माला पडावावरून हाक आली, तो गेला. मी सुरीनं शिवण कापली. ती तुटता तुटेना. सुपारी बाजूला सारली. टाक वरच होता, मी खुपसला होता तितका खोल नव्हता.

त्याच्यावर दोन बायका होत्या.

एक टाक, एक मेलेली बायको. सोनार दुसरी कधी उठवतो, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तो पुन्हा गळ्यात बांधला. पाऊस लागला, वखार बंद झाली आणि मला ताप भरला. तो पावसाळा काही मी पुरा पाहिला नाही. धर्मानं तुला आणली तेव्हा त्याला सोनाराकडेही जावं लागलं नाही.

तोच टाक तुझ्या गळ्यात आहे, केसर. पुढं उभी आहे ती कमळी. मागची मी. अजूनही मागंच! काल तुझ्या बांगड्यासुद्धा त्यानं आधी तिला लावल्या, मग मला.

म्हणून तर रोज तुझ्या कानाशी बसते. दाभण उजव्या हातात धर, दोरा उजवीकडे ओढ, माझ्यासारखं शिव, म्हणून सांगते. तू धरतेसही उजव्याच हातात.

मग ही शिवण डावीकडे का झुकते आहे?