दुसरी रेष

आरोग्य केंद्राच्या दाराशी तो एक खोका पोटाशी धरून उभा होता आणि खांद्याने दाराला धक्के मारत होता. आमचं दार बाहेरून ओढावं लागतं. मी आतून जरा मजा पाहिली, मग उघडलं.

खोक्यात त्याने बनवलेल्या, ताप तपासायच्या पट्ट्या होत्या. रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेष आली तर निरोगी, दोन आल्या तर रक्तात हिवतापाचे परजीवी. हेच काम मी आजवर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून करत आले. मान मोडून येते, पण आसपासच्या गावांतली तापाची माणसं माझ्याच भरवशावर. त्याच्या पट्ट्या आणि माझ्या रक्त पसरलेल्या काचा ताडून पाहायच्या, असं ठरलं. मी त्याचं नाव ठेवलं 'पट्टीवाले'. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताबद्दल बोलणाऱ्या या माणसाला स्वतःचं बोट टोचून घ्यायची मात्र भारी भीती!

निरोगी माणसाचा नमुना हवा होता. पट्टीवाल्यांचे हात लगेच खिशात गेले. मीच बोट पुढे केलं. त्याने ते इतकं अलगद धरलं, की टोचलेलं कळलंच नाही... आणि पट्टीवर दुसरी रेष उमटली.

त्याचं तोंड उतरलं. मी माझी काच पुन्हा पुन्हा पाहिली. काही नव्हतं.

"तुमची पट्टी खोटं बोलते," मी म्हटलं.

"बोलू दे," तो म्हणाला. "तुम्ही ठणठणीत असलात म्हणजे झालं."

घरी जेवताना आईला सांगितलं, तर ती सहज म्हणाली, "अगं, लहानपणी तुला तो ताप येऊन गेलाय की." माझा घास हातातच राहिला. म्हणजे पट्टी जुनी, बरी झालेली लागणही ओळखत होती. इथे निम्म्या घरांत तो ताप कधी ना कधी येऊन गेलेला. त्या सगळ्यांना उगाच कडक औषध मिळालं असतं. पण हे सांगितलं, की पट्ट्या नापास आणि पट्टीवाले परत. गप्प बसावं असं वाटलं... फार वाटलं.

सकाळी सांगून टाकलं. तो हिरमुसेल असं वाटलं होतं, पण त्याचे डोळेच चमकले. जुनं आणि आत्ताचं वेगळं कसं ओळखायचं, यावर तो दिवसभर बोलत राहिला, मी ऐकत राहिले. मग त्याने खोका बांधला.

"जमलं, तर पहिला थेंब तुमचाच," तो म्हणाला.

"आणि नाही जमलं तर?"

तो दारात घुटमळला. मग खोका सावरत निघून गेला.

पावसाळा गेला, थंडी सरत आली. एके दिवशी दार पहिल्याच झटक्यात उघडलं. बाहेरून, ओढून.

बाकावरच्या तापकरी आजोबांच्या नव्या पट्टीवर दोन रेषा आल्या. माझ्या पट्टीवर आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून वाकलो. ठरलेली मिनिटं सरली. एकच रेष. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आणखी एक निरोगी माणूस लागेल," मी म्हटलं.

त्याने डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. मी टोचलं, थेंब घेतला, कापूस लावला.

"झालं. घ्या हात मागे."

"मागे घ्यायला नाही दिलेला," तो म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच होते.

मग मीही तो सोडला नाही.