मावशी, तुम्ही कोण?

स्मरणबिंदू बसवलेली माणसं मिरजेत गल्लोगल्ली दिसू लागली होती, तरी शेक दिल्याशिवाय बाळंतपण झालंसं कुणाला वाटत नव्हतं. मानसीताईंनीही लेकीला, अन्विताला, शेगडीशी बसवलं आणि तव्यावर तापवलेली कापडाची घडी तिच्या कानामागे मायेनं दाबून धरली. थोड्या वेळानं अन्वितानं वळून पाहिलं.

"मावशी, तुम्ही कोण?"

अकराव्या वर्षी मेंदूज्वरानं अन्विताची आठवण पार पुसली होती. बोलणं-चालणं तेवढं शाबूत राहिलं. आईनं तिला आपली ओळख नव्यानं करून दिली होती. तेव्हापासूनचं सगळं आयुष्य कानामागच्या स्मरणबिंदूंच्या चकतीत साठत आलं होतं. मागच्या वर्षी डॉ. रुमाना तांबोळींनी तिला नवी, जास्त साठवणारी चकती बसवली.

ओल्या बाळंतिणीला हात लावायला डॉक्टर तयार नव्हत्या. सव्वा महिना झाल्यावर त्या घरी आल्या.

"बेरियम टायटनेटच्या द्रावणाचे अतिसूक्ष्म ठिपके चकतीवर पाडून आम्ही भट्टीत भाजतो," त्या मानसीताईंना म्हणाल्या. "मग त्यांत पेरोव्हस्काइट जातीचे स्फटिक बनतात. ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात टायटॅनियमचा अणू. विजेनं ढकलला की किंचित वर सरकतो, नाहीतर खाली. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. अशा अब्जावधी हो-नाहींची आठवण होते. वीज काढली तरी ती टिकते."

"मग माझ्या लेकीची का नाही टिकली?"

"ठिपका जितका लहान, तितक्या कमी उष्णतेत हे वर-खाली मोडतं. जास्त आठवणी मावाव्यात म्हणून मी ठिपके फार बारीक केले. ताप चढू देऊ नका, एवढंच सांगितलं. शेकाचं डोक्यातच आलं नाही. माझ्या आईनंही मला असंच शेकलं होतं हो."

मानसीताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"सातव्या महिन्यात काढलेली आठवणींची प्रत आहे माझ्याकडे. ती लावली की सगळं परत येईल."

"लावा!" नाशिकहून आलेला जावई, निषाद, चटकन म्हणाला. सासुरवाडीत तो परक्यासारखा दाराशीच उभा होता. बायको त्याला अजून 'अहो पाहुणे' म्हणत होती.

अन्वितानं मांडीवरच्या बाळाचं झबलं सारखं केलं. "डॉक्टर, तुम्ही जिला परत आणणार, ती हिला ओळखते?"

"नाही. प्रत लावली की प्रत्येक ठिपका जुन्या दिशेला वळतो. सव्वा महिन्याचं सगळं जाईल."

"बाळ कुठं जातंय? पुन्हा होईल ओळख," निषाद कळवळून म्हणाला.

"तुमचीही होईल की," अन्विता म्हणाली.

दोघांचंही खरं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. अन्वितानं बाळाला आणखी जवळ घेतलं. सगळे मानसीताईंकडे पाहू लागले.

"राहू द्या, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "एकदा ओळख करून दिलीये मी हिला. पुन्हा देईन. हिच्याकडून हिचं लेकरू नाही हिसकावायचं."

निषाद खाली मान घालून अंगणात गेला.

"मावशी, हिला शेकायची वेळ झाली ना?" अन्वितानं विचारलं.

मावशी हा शब्द मानसीताईंना अजून बोचायचा. त्यांनी शेगडी पेटवली, नात मांडीवर घेतली. अन्विता कौतुकानं जवळ सरकली, तशा त्या केवढ्यानं तरी ओरडल्या.

"तू नको! तू लांब बस, बाई. आणखी लांब."