जिन्यावरचं तेल

"उद्या प्रकरण पोलिसांत गेलं ना, तर पोरगी संपली," शांताआजी म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

खासगी गुप्तहेर यशोदा तळपदे यांनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. त्यांचा सहायक विक्रांत सावरून बसला. गिरगावातल्या या छोट्या कचेरीत एवढ्या सकाळी सहसा कुणी येत नसे.

आजी लोअर परळच्या एका चाळीत राहत होत्या. चाळीत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांच्या चाळीतली श्रेया कबड्डीतली नावाजलेली चढाईपटू. रविवारी पहाटे सरावाला उतरताना ती जिन्यावरून घसरली. गुडघा गेला, निवड चाचणी हुकली. पायरीवर खोबरेल तेलाची बाटली सापडली. बाटली सीमाची. सीमा म्हणजे श्रेयाची जिवलग मैत्रीण आणि संघातली राखीव खेळाडू.

"श्रेयाचे वडील तक्रार द्यायला निघालेत. मी एक दिवस मागून घेतलाय. सीमानं केलं असेल तर तिनं समोर येऊन बोलावं. नसेल केलं तर?"

"बाटली कुणी उचलली?"

"मीच. जिनाही मीच धुतला, आणखी कोण पडू नये म्हणून. नुसत्या पाण्यानं धुतलाय, पण फेस काय सरता सरना!"

आजींनी पिशवीतून बाटली काढली. विक्रांतने झाकण उघडून ती उलटी केली. थेंबही पडला नाही.

"थंडीनं गोठलंय," तो म्हणाला. "गळ्यापर्यंत पांढरं."

"सापडली तेव्हाही अशीच होती," आजी म्हणाल्या.

दुपारी दोघं चाळीत गेली. श्रेया पाय लांब करून पलंगावर बसली होती.

"तक्रार करायची आहे?" यशोदाताईंनी विचारलं.

"बाबांना करायचीय. मला फक्त कळायला हवंय, का केलं ते. कुणाला आत टाकलं म्हणून माझा गुडघा जुळणार आहे का?"

त्याच चाळीत राहणाऱ्या सीमाने दार अर्धंच उघडलं.

"बाटली माझी आहे. पण शनिवारी बॅग क्लबातच राहिली होती. पहाटे मी रिकाम्या हातानं थेट मैदानावर गेले." तिचा आवाज चिरकला. "चाचणीला मी गेलेच नाही. सगळे तेलवाली म्हणतात मला."

कबड्डी क्लबची खोली चाळीतच दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. प्रशिक्षक धनेश अदबीने उभा राहिला. कोपऱ्यात मॅट गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यांना लिंबाचा मंद वास येत होता. शेजारी एक मोठा कॅन, झाकणाभोवती फडकं आवळलेला.

"मॅट स्वच्छ आहेत," ताई म्हणाल्या.

"रविवारी पहाटेच खाली अंगणात नेऊन धुतल्या. चाचणी होती ना."

"खोली कुणी उघडली?"

"मीच. किल्ली एकच आहे, माझ्याकडे."

बाहेर पडताच विक्रांत म्हणाला, "सीमाच, ताई. फायदा तिचाच होता."

"कसला फायदा? ती चाचणीलाच गेली नाही. संध्याकाळी सगळ्यांना आजींकडे बोलाव. श्रेयाच्या वडिलांनाही."

आजींच्या खोलीत सगळे गोल करून बसले. श्रेयाचे वडील दाराशीच उभे राहिले.

"जिन्यावर तेल नव्हतंच," यशोदाताईंनी सुरुवात केली. "तेलाला नुसत्या पाण्याने फेस येत नाही. फेस साबणाला येतो. आणि बाटली तर गळ्यापर्यंत भरलेली, गोठलेली. त्यातून कुणी काय ओतणार?"

विक्रांतने कपाळाला हात लावला.

"त्या पहाटे लिंबाचा पातळ साबण जिन्यावरून एकानेच खाली नेला. त्याच्या कॅनचं झाकण गळतं. सीमाची बॅग बंद खोलीत होती, आणि किल्ली त्याच माणसाकडे. धनेश, पुढचं तुम्ही सांगा."

धनेशची मान खाली गेली. "कॅन गळतोय हे खाली गेल्यावर कळलं. पुसायला फडकं आणत होतो, तेवढ्यात श्रेया पडली. घाबरलो. हिला रिक्षात बसवून परत आलो, सीमाच्या बॅगेतली बाटली पायरीवर ठेवली आणि मग हॉस्पिटलात गेलो."

"हॉस्पिटलात तुम्ही माझा हात धरून बसला होतात, सर," श्रेया म्हणाली. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू सीमाचं नाव घेऊन रडत होतीस. मग धीरच झाला नाही."

"पण माझंच नाव का?" सीमाने विचारलं.

"तुझ्यावर राग नव्हता गं. बाटली हाताला लागली."

"म्हणजे मी डोक्यात आलेच नाही तुमच्या. फक्त बाटली आली."

धनेश रडू लागला.

"पोलिसांचं दार उघडंच आहे," यशोदाताई शांतपणे म्हणाल्या. "जायचं की नाही, ते या दोघी ठरवतील. कुणी दडपण आणायचं नाही."

दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. मग श्रेयाने सांगितलं, "मी धावू लागेपर्यंत व्यायामाला मला तुम्ही न्यायचं, सर."

"आणि मैदानावर सगळ्यांसमोर खरं सांगायचं," सीमा म्हणाली. "मुली बोलावतील तेव्हाच परत शिकवायला यायचं. माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस, बाय," आजी म्हणाल्या.

धनेशने हात जोडले. श्रेयाचे वडील पुढे आले. "शब्द मोडलास, तर मी जाईन पोलिसांत." एवढंच बोलून ते खाली बसले.

पुढच्या रविवारी धनेश मैदानावर बोलला. अडखळत, पण सगळं बोलला. टाळी कुणी वाजवली नाही. तो कडेला गेला आणि सराव सुरू झाला. सीमा मध्यरेषेपाशी थबकली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

कडेच्या खुर्चीतून श्रेया ओरडली, "सीमे, डावा कोपरा मोकळा आहे! जा की!"

सीमाने श्वास भरला आणि कबड्डी, कबड्डी म्हणत रेषेपार झेपावली.